खाजामियाँचे फुसके तोटे

तेरखेड्यात आवाजी तोटे, म्हणजे कानठळ्या बसवणारे फटाके, करावेत तर खाजामियाँनी. त्यांचा तोटा उडाला की पार शेजारच्या वाशी गावातली कुत्री भुंकतात, असं ते स्वतःच सांगत, म्हणजे खरंच असणार. असा हा माणूस हल्ली दारावरून जाणाऱ्या बकरीच्या गळ्यातली घंटी मुठीत धरून तिला गल्लीच्या टोकापर्यंत पोचवून यायचा.

कारण फरिदा. माळवदावर तोट्यांच्या वाती वाळत घालून उतरताना लेक शिडीवरून डोक्यावर पडली. वाशीचे डॉक्टर म्हणाले, "मेंदूला हादरा बसलाय. आवाज नको, उजेड नको. पडून राहू द्या, बरी होईल." दिवसभर बापाची फिरकी घेणारी पोर अंधाऱ्या खोलीत गप्प झाली. भांडं वाजलं तरी कपाळ धरायची. खाजामियाँ आत-बाहेर, आत-बाहेर.

"बसा की जरा," बायको रजियाबी म्हणाली. "तुमच्या चपलांनीच तिचं डोकं उठंल."

त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी फेऱ्या सुरू केल्या.

त्यातच गावातल्या बलभीमअण्णाच्या पोराचं लगीन. नवरदेव मारुतीला जाणार तो याच गल्लीनं. तोटे खाजामियाँचे, आणि रिवाजाप्रमाणं पेटवायचेही त्यांनीच.

खाजामियाँ बलभीमकडं गेले. "अण्णा, आमच्या दारात नुसते भुईनळे लावू. लेकरू आजारी हाय."

"खाजाभाई, सोयरे इचारतील, लगीन हाय का मयत? दोन-चार तोट्यांनी काय हुतंय!"

घरी येऊन खाजामियाँनी सगळे तोटे ओल्या पोत्याखाली झाकून ठेवले.

दुसऱ्या दिवशी वरात आली. वाजंत्रीवाल्यांना विड्या देऊन गल्लीपुरतं गप्प केलेलंच होतं. आता तोटे. जन्मभर माल फुसका निघू नये म्हणून दुआ मागणारा माणूस आज नेमकी उलटी दुआ मागत होता. पहिला, फुस्स. दुसरा, फुस्स. तिसरा. हा तळाचा. कोरडा राहिला असला तर? वात सरसरत गेली. खाजामियाँनी खोलीच्या खिडकीकडं बघत डोळे मिटले.

फुस्स.

"मियाँ, दारू भरली का ज्वारीचं पीठ?" वरातीत हशा पिकला. बलभीमचं तोंड तव्यासारखं झालं. "पुढच्या लग्नाला बार्शीहून आणतो!"

हशानं पोर दचकली असेल म्हणून खाजामियाँ धावत घरात शिरले. अंधारातून बारीक आवाज आला.

"अब्बा, कुणाचा माल हुता ओ? लई फुसका. वाशीतलं एक कुत्रं भुंकलं न्हाय."

"असंल कुण्या गाढवाचा," खाजामियाँ म्हणाले.

मग पोर पडल्यापासून पहिल्यांदाच ते उंबऱ्यावर टेकले, आणि आवाज होऊ नये म्हणून तोंडात रुमाल कोंबून हसत बसले.