रहाटाला मुशीचं तेल

उघड्यावरच्या लाकडाला काय लावावं हे मला कळतं. आमच्या दोन्ही घरांतली तेरा माणसं याच्या उलट साक्ष देतील, पण त्यांतल्या एकानेही कधी बोटीला रंग दिलेला नाही.

मी मराठी चौथीतून शाळा सोडली (शाळेनेही फारसं अडवलं नाही) आणि पंधराव्या वर्षी कराचीच्या गोदीत रंगाऱ्यांच्या हाताखाली लागलो. ही नोकरी मला तात्यांमुळे मिळाली. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे, म्हणजे आबांचे, चुलतभाऊ. त्यांचं घर आमच्या घराला लागून, मध्ये फक्त विहीर. विहिरीच्या काठावर एक वाकडा माड होता. त्याचं मूळ आमच्या हद्दीत आणि नारळ पडायचे तात्यांच्या. एवढ्यावरून दोघे भाऊ बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. विहीर सामाईक, म्हणून सकाळी आमची कळशी बुडायची आणि दुपारी त्यांची. तरीही माझं शाळेत काही जमत नाही हे कानावर गेल्यावर तात्यांनी आपल्या कराचीतल्या साडूला गुपचूप पत्र घातलं. भावाशी अबोला, पण पुतण्याला पोटाला लावलं. हे उपकार मी कधी विसरलो नाही, आणि पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

चार वर्षांनी पहिली रजा मिळाली. रत्नागिरी बंदरात उतरून खाडीकडेच्या आमच्या वाडीत पोचलो, तर आबा आणि तात्या एकाच बाकड्यावर बसून एकाच चंचीतलं पान खात होते. (मला वाटलं, कोणीतरी गेलं.) झालं होतं असं, की तो माड आदल्या पावसाळ्यात आपणहून कोसळला, आणि दोघांकडे भांडायला काही उरलं नाही. समेटाची खूण म्हणून दोघांनी मिळून विहिरीवर नवा रहाट बसवला होता. हातखंब्याचा सुतार, ऐनाचं लाकूड, पुरुषभर उंचीचं चाक आणि चाकावरून फिरणारे मातीचे लोटे. पुढच्या आठवड्यात गुरुवारी रहाटाची पूजा आणि तात्यांकडे दोन्ही घरांचं जेवण. बारा वर्षांतलं पहिलं. आईने त्या दिवसासाठी नवं लुगडं काढून उशाशी ठेवलं होतं आणि दिवसातून दोनदा त्याच्यावरून हात फिरवत होती.

"गुरुवारपत्तोर काय बिघडलं नाय म्हणजे मिळवली," ती मला म्हणाली. "दोघंय तापट. तू जपून बोल."

बोलण्यात मी जपलो. हातांचं तिने काही सांगितलं नव्हतं.

"गणू, तू गोदीतला माणूस," तात्या म्हणाले. "ह्या लाकडाला काय लावायचं ता तूच सांग. पावसात कुजता नये."

चार वर्षांत माझं मत कोणी विचारलं नव्हतं. गोदीत विचारत नाहीत, ओरडतात. मी ऐटीत मागे टेकलो. (बाकड्याला पाठ नव्हती.)

"डांबर फासूया," मी उठून बसेपर्यंत आबा म्हणाले.

"डांबर उन्हात पाघळतं, आबा. ज्याने हात लावला तो तिथेच राहायचा."

"मग तेलरंग?"

"तेलरंग दिसतो बरा. पण उन्हाने एकदा भेग पडली की पाणी आत शिरतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. वरून नवरदेव, आतून भुसा."

"आपलं उंडीचं तेल लाव की," तात्या म्हणाले. "आमच्या बापाशीने तेच लावलं."

"ते मुरतं चांगलं, पण दर साल लावायला लागतं."

"मग दर साल लावू."

त्या दिवसातलं सगळ्यांत शहाणपणाचं वाक्य तेच होतं. मी त्यावर हसलो.

मी काही अंदाजाने काम करणारा नव्हे. ऐनाच्या चार ढलप्या घेतल्या, चौघींना चार वेगवेगळी लेपनं लावली, दोन दिवस उन्हात भाजल्या, दोन दिवस पाण्यात बुडवल्या. डांबर चिकटलं, तेलरंगाला फोड आले, उंडीच्या तेलाची ढलपी बरी निघाली. चौथी मात्र निव्वळ राणी! पाणी तिच्यावरून अळवाच्या पानावरून ओघळावं तसं ओघळत होतं. तिला मी मुशीचं तेल लावलं होतं. मुशी हा मोठा मासा. त्याच्या काळजाचं तेल काढून त्यात राळ कढवायची, की झालं. खाडीतल्या सगळ्या होड्यांना हेच लावतात आणि आजोबांच्या होडीत नातू बसतो. लाकडाला काय मानवतं याची मी इतकी कसून परीक्षा घेतली, की आणखी कोणाला काय मानवतं हा विचार करायला वेळच उरला नाही.

एकच अडचण होती. तात्या माळकरी. नऊ वर्षांपूर्वी तुळशीची माळ घालून त्यांनी मासे सोडले होते, आणि त्याआधी मुशीच्या कालवणासाठी ते भरल्या ताटावरून उठून दुसऱ्याच्या घरी जात असत म्हणे. अशा माणसाला 'तुमच्या रहाटाला मुशी लावतो' कसं सांगणार? मी सांगितलं, "गोदीतला खास मसाला आहे." आणि ते लेकीला आमंत्रण द्यायला लांज्याला गेले त्या दिवशी तीन हात देऊन मोकळा झालो. वासाची भीती नव्हती. वैशाखात आमच्या वाडीत प्रत्येक अंगणात मासळी सुकत असते. त्यात एका चाकाने भर घातली तर कोणाच्या नाकाला कळणार?

ज्याच्याकडून तेल आणलं तो होडीवाला म्हणाला होता, "पंधरा दिस सुकू दे हां." गुरुवार पाच दिवसांवर होता. मी माझी अक्कल चालवली.

सोमवारी सकाळी रहाट पहिल्यांदा फिरला. काय सुरेख फिरला! कुरकुर नाही, करकर नाही. लोटे भरून वर येत होते, पन्हळीत रिकामे होत होते, आणि जे पाणी सांडत होतं ते त्या ओल्या चाकावरून अंघोळ करून परत विहिरीत पडत होतं. दिवसभर.

आमच्या घरात कोणाला काही कळलं नाही. आमच्याकडे रोज मासे; पाणी जेवणासारखं लागलं तर आम्ही देवाचे आभार मानतो. काकींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, पूजेच्या गडबडीत घरातले रांजण आधीच भरून ठेवले होते, त्यामुळे त्यांनाही काही कळलं नाही. राहिले तात्या. ते आपल्या नव्या रहाटावर इतके खूश, की सकाळ-संध्याकाळ त्याच्याच पन्हळीखाली अंघोळ आणि त्याचंच ओंजळभर पाणी.

मंगळवारी त्यांनी मला गोठ्यामागे बोलावलं.

"गणू, कोणाक बोलू नको. मला पाण्याला मुशीचा वास येतो."

मी रहाटाकडे पाठ केली.

"नऊ वर्षां झाली रे माळ घालून," तात्या जमिनीकडे बघत म्हणाले. "वाटलं, जीभ मेली. ती खंय मेली? टपून बसली होती. पाणी पितो तर सरळ कालवण. वर तिरफळ घातल्यासारखं."

"मनाचे खेळ असतात, तात्या," मी म्हणालो.

ज्यांनी मला पोटाला लावलं त्यांना मी हे म्हणालो. खरं सांगावं असं ओठांवर आलं होतं, पण गुरुवारला दोनच दिवस होते आणि आईचं लुगडं उशाशी होतं. परवा जेवण उरकलं की सांगू, असं मी ठरवलं.

तात्यांनी प्रायश्चित्त म्हणून उपास धरला. अन्न बंद. फक्त पाणी. पन्हळीचं.

बुधवारी सकाळी काकी आमच्या पडवीत आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"वैनी, एक विचारते, राग मानू नका. आमचे हे तुमच्याकडे जेवायला येतात?"

"नाय गो," आई म्हणाली. "का?"

"घरात कालपासून जेवत नाहीत. उपास म्हणतात. आणि अंगाला मुशीचा वास मारतोय. डोक्याच्या केसांपासून."

आईच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे मी माळकऱ्याला चोरून मासे घालते?"

"मी तसं म्हटलं नाही. सोमवारी तुमच्याकडे काय शिजलं होतं?"

आई खोटं बोलत नाही. हा आमच्या घरातला जुना दोष आहे. "मुशी," ती म्हणाली.

"बघा."

"काय बघा?"

आवाज ऐकून आबा बाहेर आले. तेवढ्यात तात्या पन्हळीखालची अंघोळ उरकून ओल्या पंचानेच तिथे पोचले, आणि त्यांच्याबरोबर तो वास असा आला की आमची मांजर चुलीपुढून उठून त्यांच्या पायांत जाऊन बसली. काकींनी मांजराकडे बोट दाखवलं. त्यांना आणखी पुरावा नको होता.

"पाप माझंच आहे," तात्या म्हणाले. "तोंडाने खाल्लं नाय. पण मनाने नऊ वर्षां खाल्लं असेल, ता आता अंगातून बाहेर येतंय."

"मनाने खाल्लेलं मांजराला कसं कळतं?" काकी म्हणाल्या.

आबांचा चेहरा लाल झाला. "माझ्या घरावर आळ? बोलवा त्या सुताराला. कापा तो रहाट मधोमध. अर्धं चाक त्यांचं, अर्धं आमचं."

"कापा," काकी म्हणाल्या. "आणि उद्याच्या जेवणाला येऊ नका."

आई वळली. आत गेली, उशाशी ठेवलेलं लुगडं उचललं आणि पेटीचं झाकण उघडलं. ते झाकण वाजलं मात्र, आणि माझ्या तोंडून निघून गेलं:

"रहाटाला मी मुशीचं तेल लावलंय."

सगळे माझ्याकडे वळले. मांजरसुद्धा.

"राळ घालून," मी म्हणालो. "तीन हात." आणि इतक्या लोकांसमोर आपलं काम सांगायची वेळ पुन्हा येईल न येईल म्हणून पुढे म्हणालो, "लाकूड वीस वर्षं कुजायचं नाही."

"होडीला लावतात ता?" आबांनी हळू आवाजात विचारलं. हळू आवाज हे त्यांच्याकडे वाईट लक्षण.

"तेच."

"मेल्या, होडी समुद्रात असते. समुद्र पितो कोण?"

गोदीत चार वर्षं काढली, पण हा प्रश्न तिथे कधी निघाला नव्हता.

तात्या पायरीवर बसले. "म्हणजे माझ्या जिभेचा दोष नाय?"

"नाही, तात्या."

"मनाचा पण नाय?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटून आकाशाला हात जोडले. नऊ वर्षांचं व्रत सावरल्यासारखा चेहरा उजळला. मग हळूच डोळे उघडले. "म्हणजे मी तीन दिवस ता खराच प्यायलो?"

त्यानंतर जे झालं ते मला मान खाली घालून ऐकावं लागलं, पण ऐकताना एक गोष्ट ध्यानात आली. आबा म्हणत, "गाढव आहे," आणि तात्या म्हणत, "चौथी शिकलेलं." आबा म्हणत, "विचारायचं तरी," आणि तात्या म्हणत, "तोंड काय भाड्याने दिलं होतं?" बारा वर्षं ज्या भावांचं एका नारळावर जमलं नाही, ते एकमेकांची वाक्यं पुरी करत होते. काकींनी आईचा हात धरला. "वैनी, चुकलं माझं."

"तुझं नाय गो, आमच्या कार्ट्याचं."

"आमचं पण आहेच की. ह्यांनीच ना त्याला रंगात घातला."

विहीर दोन्ही घरांनी मिळून उपसली. तळाशी उतरायला कोणाला सांगायचं यावर चर्चा झाली नाही. चाक राखेने आणि रिठ्याने तीनदा घासलं, तेही मीच. जेवण गुरुवारीच झालं, फक्त सकाळचं संध्याकाळी. आई नवं लुगडं नेसली होती. मला पंगतीच्या टोकाला बसवलं आणि पाणी शेजारच्या विहिरीचं होतं. तात्यांनी स्वतः मला दुसऱ्यांदा वाढलं आणि कानाशी म्हणाले, "कराचीला बोट कधी हाय?"

याला आता तीन पावसाळे झाले. रहाटाचं लाकूड जसंच्या तसं आहे, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. इथे कराचीत परवाच घरचं पत्र आलं. आईने धाकटीकडून लिहवून घेतलं आहे: 'यंदा कोंबड्यांवरून दोघा भावांचं पुन्हा वाजलं आहे. आठ दिवस झाले, बोलत नाहीत. साहेबाच्या हातापाया पड, पण रजा काढून ये, आणि काहीतरी रंगव.'