केळव्याच्या वाळूवर कमलाकांतची एमजी

कमलाकांतचं नाव काढलं की घिवलीत लोक आधी हसतात आणि मग छाती पुढे काढून सांगतात, तो आमच्या गावचा. हसण्याचा पहिला मान माझा. मी बन्सी, नगरकडचा लेथवाला. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं तेव्हा इकडे आलो. समुद्र त्याआधी कॅलेंडरवरच पाहिला होता. कमलाकांत माझ्याच वर्कशॉपात फिटर, घिवलीच्या मच्छीमारांतला, आणि डोक्याने जरा सरकलेला, असं मी तेव्हा ठामपणे म्हणायचो.

पासष्ट साली त्याने घोलवडच्या एका पारशी बागाईतदाराचे पंप हंगामभर दुरुस्त केले आणि मजुरीऐवजी मागितली ती चिकूखाली पडलेली मोटार. सत्तेचाळीसची विलायती एमजी, दोन सीटांची, तारांच्या चाकांची, लांब नाकाची. बॉनेटखाली कोंबडी अंडी उबवत होती. पिल्लं निघेपर्यंत हा बाबा थांबला आणि मग बैलगाडीमागे बांधून दोन दिवसांनी मोटार घरी आणली. मी तर कपाळावर हात मारून घेतला.

पुढे दीड-दोन वर्षं आमचे सगळे रविवार त्या मोटारीने खाल्ले. सुटे भाग मिळतच नव्हते. तो कुठल्या तरी फुटक्या लाँचच्या पंख्याचं पितळ आणायचा आणि मी त्यातून स्टिअरिंगचे बुश कातून द्यायचो. वर चार शिव्याही द्यायचो. दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात का, हे तो रबरी नळी कानाला लावून ऐकायचा. स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा ऐकायचा. इंजिनाचं हेड घासून घेतल्यावर चढावर तिचा जोर असा वाढला की माझ्याही तोंडून वाहवा निघाली.

पण एक घोळ त्याने घातलाच. या मोटारीचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असतो. तो सांगाडा कुजला होता, म्हणून होडीच्या सुताराकडून सागाचा नवा करून घेतला. इथवर ठीक. पण लाकूड म्हटलं की या लोकांना एकच औषध माहीत, मुशी माशाचं तेल. होडीला पाजतात तसं याने सांगाड्याला तीनदा पाजलं! ऊन तापलं आणि गावातली मांजरं सीटवर मुक्कामाला आली. त्याची बायको जमना नाकाला पदर लावून म्हणाली, "मी हिच्यात बसले त लोक टोपलीचा भाव इचारतील."

खरा विरोध बापाचा होता. नवशाकाका जुना तांडेल, होडीचा म्होरक्या, त्याची होडी अजून शिडावर चालायची. शेजारच्या होड्यांना मशीन बसू लागलं होतं आणि म्हाताऱ्याचं मन जळत होतं. "बापाच्या होडीला मशीन नाय, नि पोरगा मशीन घेऊन रस्त्यानं मिरवतो. काढ ते नि होडीत घाल." पेट्रोलचं इंजिन खाऱ्या पाण्यात एक हंगामही टिकायचं नाही, हे मी दहा वेळा सांगितलं. ऐकेल तर शपथ.

सदुसष्टच्या फेब्रुवारीत बातमी आली की मुंबईचे काही मोटारशौकीन केळव्याच्या किनाऱ्यावर शर्यत लावणार आहेत. जेवताना बापलेकांची पुन्हा जुंपली. कमलाकांत ताटावरून उठला आणि बोलून गेला, "केळव्याला पयली आली त हिला हात लावायचा नाय. नाय आली त मशीन तुमचं!" शब्द गेला तो गेला.

त्या रविवारी पाच मोटारी उभ्या होत्या. बाकी चौघींचं पॉलिश आरशासारखं, आमच्या मोटारीला वास. लोक शहाळी पीत बसले, फोटो काढत बसले, आणि शर्यत सुटायला तास उशीर झाला. माझ्या शेजारी उभा नवशाकाका पाण्याकडे बघून समाधानाने म्हणाला, "भरती लागली. आता गंमत बघ." मला त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही.

मैलभर लांब रोवलेल्या बांबूला वळसा घालून परत यायचं होतं. जाताना वाळू घट्ट होती, मोठ्या इंजिनांच्या दोन मोटारी सरळ पुढे निघून गेल्या. कमलाकांत तिसरा. येताना मात्र पाणी वाळूवर पसरलं होतं आणि सगळा किनारा एकसारखा चकाकत होता. पहिली मोटार गुळगुळीत वाळूवर आली आणि एक्सलपर्यंत रुतली. दुसरीच्या इंजिनात पाणी उडालं, ती फुरफुरून बंद पडली. कमलाकांतने वेग कमी केला. मागून चौथी जवळ येत होती आणि पुढे कुठली वाळू धरेल, कुठली गिळेल, हे त्याला दिसत नव्हतं.

खाडीच्या तोंडाशी गाळ फिरला की गावचा जाणता माणूस बांधावर उभा राहून येणाऱ्या होडीला रुमालाने वाट दाखवतो. नवशाकाकाने डोक्याचा रुमाल सोडला, गुडघाभर पाण्यात धावला आणि हात पाण्यापासून दूर, जमिनीच्या बाजूला ताठ धरला. कमलाकांतने चाक तिकडे फिरवलं. तिथे लाटांच्या वळ्या पडलेली वाळू होती, खडबडीत पण पक्की. मोटार अशी थडथडली की आता तुकडे होणार, पण तो सागाचा सांगाडा हलला नाही. म्हातारा रुमाल फिरवत होता, वर, खाली, पुन्हा वर, आणि घसा फोडून ओरडत होता, "सोड! आता सोड तिला!" कमलाकांतने सोडली. काय आली ती! जमना पदरबिदर विसरून नाचली आणि मी, नगरचा शहाणा माणूस, वाळूत लोळलो.

एमजी पहिली आली होती. कमलाकांत उतरला तो थेट बापासमोर उभा राहिला. धाप लागली होती, डोळे भरले होते.

"बाबा, शब्दाचं राहू द्या. तुमी नसता त मी रुतलोच होतो. पायजे त मशीन आज काढून देतो."

नवशाकाकाने रुमाल पिळला, झटकला आणि डोक्याला बांधला.

"मशीन पायजे असतं," तो म्हणाला, "त मी हात खाली ठेवला असता."

मग तो दार उघडून शेजारच्या सीटवर जाऊन बसला आणि पोराला म्हणाला, "चल. गावातून हळू घे, लोकांना बघू दे."