सगळी बी देऊन टाकली तेव्हा

काजूच्या कारखान्यात मी बरीच वर्षं काजू फोडले. पायाने दांडा दाबायचा, हाताने मूठ ओढायची आणि दिवसभर तसंच बसून राहायचं. त्यात कंबर गेली. कळ कंबरेतून निघते आणि उजव्या पायात टाचेपर्यंत जाते. आता बसता येत नाही. जेवते उभ्याने. हे लिहितेय ते पोटावर पडून.

वरून काही दिसत नाही. सूज नाही, पट्टी नाही. पाली गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या. कारखान्यातल्या बायका भेटायला आल्या, त्यातली एक जाताना म्हणाली, "तोंडावर तर तेज हाय गो, दुखतंय खंय?" मी हसले. मला चार माणसांत बोलता येत नाही, हसणं सोपं जातं.

पुढे पुढे वाईट वाटणंही बंद झालं. नवरा नाक्यावर रिक्षा लावतो. घरी आला की "कशी हायस?" विचारायचा, मी "बरी" म्हणायचे. भाताला चव लागत नव्हती आणि ती लागत नाही याचंही काही वाटत नव्हतं. आपण नसलो तर हे थांबेल, एवढं एकच मनात असायचं. त्याची भीती वाटत नव्हती. आवराआवर तेवढी राहिली आहे, असं वाटायचं.

आमच्याकडे मिरगाच्या पावसाआधी बायका एकमेकींना बी देतात. काकडी, पडवळ, शिराळी, भेंडी. राखेत घोळवून वर्षभर जपलेली असते. देताना डबा रिकामा करायचा नाही, अशी रीत आहे. बहीण मागायला आली तरी तळाशी मूठभर ठेवायची. मी त्या वर्षी सगळी बी पुड्या बांधून मोठ्या जावेला देऊन आले. जाऊ शेजारच्याच घरात राहते, चूल तेवढी वेगळी. घरी येऊन डबे धुतले आणि पडवीत पालथे घातले.

दुपारी ती आली. डब्यांकडे बघत उभी राहिली.

"काय गो, डबे धुतलेस?"

"व्हय."

"नि तुझी बी?"

"तुमाला दिली ना सकाळी."

"सगळी? येड लागलं काय तुला? सगळी बी कोण देतं? मेले, जातेस खंय तू?"

नेहमीसारखं हसायला गेले, ते जमलं नाही. मग तिने पदराने तोंड पुसलं, खाली बसली आणि भात झाला का विचारावं तसं विचारलं, "जीव द्यायचं मनात हाय तुझ्या?"

"व्हय."

असं मला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलंही नव्हतं. काही झालं नाही. हायवेवरून एक ट्रक गेला. ती ओरडली नाही, रडली नाही, पोरांची शपथ घातली नाही. म्हणाली, "बरं. मग मी आज हितंच बसते."

"भावजींचा चहा?"

"त्यांना हात दिलेत देवानं. चहाला काय मुहूर्त लागतो?"

नवरा येईपर्यंत ती खरंच उठली नाही. त्याला तिनेच सांगितलं. तो बराच वेळ बूट काढायचा विसरला. शेवटी म्हणाला, "माका का नाय सांगितलंस?" कंबरेच्या गोळ्यांचा डबा जाऊ जाताना आपल्या घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला गेलो. नवऱ्याने रिक्षा प्रत्येक खड्ड्यापाशी हळू केली, मी मागे जावेच्या मांडीवर आडवी. मनाच्या डॉक्टरकडे म्हणजे वेड्यांच्या डॉक्टरकडे, असं मला वाटत होतं. डॉक्टरीणबाईंनी मला उभीच राहू दिलं. स्वतःही उभ्या राहिल्या. काही विचारलं की जाऊ उत्तर द्यायची, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांना बोलू द्या." मग मला म्हणाल्या, "मरायचंय, की दुखणं थांबायला हवंय?"

मला वेळ लागला. त्या थांबल्या.

"दुखणं," मी म्हटलं.

त्यांनी कंबरेसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडेही पाठवलं. दोन्हीकडे जायचं, एक सोडून चालणार नाही, म्हणाल्या. दुखणं पूर्ण जाईल असं कोणीच सांगितलं नाही. गेलंही नाही. रात्री थोडी झोप लागते. गोळ्या जावेकडेच असतात, त्या त्या वेळेला तीच देते.

ती रोज विचारते. "आज हाय काय मनात?" बहुतेक दिवशी मी "नाय" म्हणते आणि ती निघून जाते. काल मी "आज हाय" म्हटलं. तिला माहेरी हळदीला जायचं होतं, नवं लुगडं नेसलेली होती. तिने फोन करून "माझं काय जमत नाय" एवढंच सांगितलं. लुगडं बदलून आली, येताना बांगडे आणि विळी घेऊन आली, आणि माझ्याजवळ बसून साफ करू लागली. मी पोटावर पडून बघत होते. संध्याकाळी तिने विचारलं, "तिखलं करू की तळू?"

मी म्हटलं, "तळा."