पडताळणीच्या दिवशी घरी ठेवलेली पोरं

"मॅडम, तुम्ही त्यांच्यातल्याच ना? मग तुम्हीच सांगा, वडारवस्तीची पोरं मागं का राहतात?"

चाळीस मुख्याध्यापकांसमोर साहेबांनी मला विचारलं. संभाजीनगरात शालेय नेतृत्वाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. भिंतीवर फलक: प्रत्येक मुलाची संस्कृती समजून घेऊ, अंतर मिटवू. त्याच फलकाखाली उभं राहून आमच्या तालुक्याचे विस्तार अधिकारी माझी जात काढत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "दगड फोडायचे सोडून पाटी कोण धरणार?" हॉल हसला.

मीही हसले. ते आठवलं की आजही अंगाची लाही लाही होते. वीस वर्षं नोकरी झाली, कन्नड तालुक्यातल्या एका गावात मुख्याध्यापिका झाले, पण साहेब हसले की आपणही हसायचं, ही सवय काही सुटली नव्हती.

चहाच्या सुट्टीत साहेब जवळ आले. आवाज खाली. "पुढच्या शुक्रवारी शाळेच्या गुणवत्ता पडताळणीला टीम येतीय. वस्तीवरची ती सात पोरं त्या दिवशी घरीच बरी. मागच्या वर्षी केलं तसंच करा. अ श्रेणी जाऊ देऊ नका."

हो, केलं होतं. खोटं कशाला बोलू? सगळेच करतात. कच्ची पोरं घरी, पक्की पोरं पहिल्या ओळीत. झालं, अहवालात अंतर मिटलं! मी तर स्वतः वस्तीवर गेले होते. मी त्यांचीच, माझं ऐकतील, म्हणून. तिसरीतली एक पोरगी तेल-वेणी करून, दप्तर अडकवून दारात उभी होती. म्हटलं, "आज नको येऊ, बाळा."

"बाई, म्या काय केलं?"

तिची आई मध्ये पडली. "बाईला उलटं इचारू नगं. आपल्यातल्या हायेत, भल्याचंच सांगतील."

मी शाळेकडं वळले. शाळेला अ श्रेणी मिळाली. माझा सत्कार झाला. शाल घेतली, नारळही घेतला.

चौथीत असताना गुरुजींनी मलाही असंच घालवलं होतं. "साहेब येणारेत, तू आज खाणीवर आईला भाकरी नेऊन दे." त्या गुरुजींना मी जन्मभर शिव्या घातल्या. हातात चहाचा कप धरून उभी होते तेव्हा कळलं, त्यांच्या खुर्चीत आता मी बसलेय. लाज वाटली. साहेबांची नाही, माझी.

"साहेब, येतील ती."

"काय म्हणालात?"

"सातही येतील. घरी ती वडारी बोलतात, शाळेतली मराठी त्यांना परकी. मला येते ती भाषा, तरी वीस वर्षं वर्गात लपवली मी. कुणी हसेल म्हणून. पोरं मागं राहिली नाहीत, साहेब. आपण ठेवली."

साहेब कडवट हसले. "प्रशिक्षण लई डोक्यात गेलं वाटतं तुमच्या."

या वेळी मी हसले नाही.

शुक्रवारी सातही जणांना पुढं बसवलं. चमत्कार वगैरे काही झाला नाही. ती पोरगी, आता चौथीत, धडा वाचताना चार ठिकाणी अडखळली. तिघांना भागाकार आला नाही. टीमनं नोंदी केल्या. श्रेणी घसरली. गावातले प्रतिष्ठित शाळेत येऊन बोलले, "जातीपायी बाईनं गावाची शाळा बुडवली." मग नोटीस आली. गुणवत्ता का घसरली, तीन दिवसांत खुलासा द्या.

शाळेतले दुसरे गुरुजी म्हणाले, "मॅडम, पोरं आजारी होती म्हणून लिहा. मिटून जाईल."

मी लिहिलं: "गुणवत्ता घसरलेली नाही. मागच्या वर्षी मी सात मुलं घरी ठेवून श्रेणी चोरली होती. यंदाची खरी आहे."

सही केली, शिक्का मारला. आता निलंबित करा, नाहीतर डोंगरापलीकडं बदली करा. जिथं टाकाल तिथला वर्ग मी पोरांच्या भाषेत सुरू करीन, आणि पडताळणीला एकही पोर घरी राहणार नाही.