वीतभर रुंदीची चारी

बसूभावजी गेल्याची बातमी आली तेव्हा मी परातीत जोंधळ्याचं पीठ मळत होते. फोन ईट गावाहून होता. तिथं कुणाच्या तरी पाइपलाइनची चारी खांदायला गेलेले माझे धाकटे दीर दुपारी जेवून लिंबाखाली आडवे झाले आणि उठलेच नाहीत… "झोपल्यासारखेच दिसतेत हो," पलीकडचा माणूस सारखं म्हणत होता. मला आधी रागच आला. परगावी जाऊन, कुणाला न सांगता, झोपेत जायचं? ही काय रीत झाली? त्याला आता दीड-दोन महिने होत आले. तरी दुपारी डोळा लागला की वाटतं, अंगणात कुणीतरी फावड्याचा दांडा ठोकून बसवतंय…

आमच्या गावात त्यांना येडं म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मीही म्हणायचे. हा माणूस भूमच्या बाजारातून कोरं करकरीत फावडं आणायचा आणि वाटेत भेटेल त्या मजुराला ते देऊन त्याचं झिजकं घ्यायचा. पातं जेमतेम चार बोटं उरलेलं! "भावजी, डोकं फिरलं का तुमचं?" "वैनी, नवं फावडं लई हावरं असतंय. माती उचलतंय कमी अन् चारीच्या कडा खातंय जास्त." कुदळही त्यांना झिजलेलीच लागायची. दांडे मात्र लांब आणि सरळ, कारण अरुंद चारीत माणसाला वाकायला जागा नसते.

आमची विहीर आप्पांच्या शेवंतीपलीकडं. आप्पा म्हणजे माझे चुलत सासरे. विहिरीत आमचा वाटा, पण मधली जमीन त्यांची, आणि वाटणीपासून दोन्ही घरांचं बोलणं तुटलेलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी बांधाबांधानं वळसा घालून डोक्यावर पाणी आणत होते. एकदा पाय घसरला, घागर चेपली, कंबर धरली. भावजी त्याच संध्याकाळी, घरात कुणालाही न विचारता, आप्पांकडं पाइपाला वाट मागायला गेले. काकी वारल्यापासून आप्पांचा सगळा जीव त्या शेवंतीत. त्यांनी ऐकून घेतलं हेच नवल. "वीतभर चारी. बोटभरबी जास्त न्हाय. अन् माझं एक जरी झाड वाळलं, तर पाइप उपसून फेकीन."

दसरा तोंडावर आला होता. शेवंती पांढरी-पिवळी, ऐन भरात. अजून डोळ्यांपुढं आहे… पानांवर दंव, आणि फुलांच्या दोन ओळींमधून भावजी एकामागं एक पाय ठेवत मागं मागं सरकतायत. गुडघ्यापर्यंत जमिनीत गेलेले, लांबून बघावं तर फुलांवर तरंगल्यासारखे. वरची काळी माती एका बारदानावर, खालचा मुरूम दुसऱ्यावर. भरताना मुरूम खाली आणि काळी वर, जशी होती तशी. मुरूम कडक लागला की सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उभी धरून नुसती सोडायची. घाव पडायचा, पण शेजारचं फूल हलायचं नाही. शेवटी तळाची भुसभुशीत माती काही निघेना, तेव्हा स्वारी माझ्या दारात. "वैनी, तुमचं आमटीचं ओगराळं द्या." "जळलं मेलं तुमचं खांदणं! सणासुदीला आमटी काय हातानं वाढू?" तरी नेलंच. बांबूला बांधून त्यांनी चारीचा तळ असा साफ केला, की मला राग आवरेना आणि हसूही. आप्पा दिवसभर बांधावर बसून होते. अधूनमधून उठायचे, चारीवर वीत टाकून बघायचे, पुन्हा बसायचे.

एकही झाड वाळलं नाही. माझ्या मोरीत नळ आला तेव्हा मी तो उघडा ठेवून भोकाड पसरून रडले. सांगायला लाज कसली? आप्पा मात्र तेव्हाही आमच्याशी बोलले नाहीत.

आणि परवा नळ बंद पडला. शेवंतीच्या मधोमध ओल वर आली होती, पाइप तिथंच फुटला होता. भावजी असते तर… पण आता वीतभर कोण खांदणार? आणि रुंद खांदली तर आप्पा पाइप ठेवतील थोडाच! सकाळी उठले आणि पुन्हा घागर काढली.

बांधावरून जाताना पाहिलं तर आप्पा शेवंतीत उकिडवे बसलेले. कळ्यांनी वाकलेली झाडं स्वतःच्या हातानं उपटत होते, ओलीच्या दोन्ही अंगांनी, ओंजळी ओंजळीनं बाजूला ठेवत.

"आप्पा, अहो, झाडं…" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी मान वर केली नाही.

"रुंदच खांदावी लागंल, सूनबाई," ते म्हणाले. "वीतभर खांदनारा गेला आपला."