होल्डवरची माणसं

ऑपरेटरबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जिन्यात भेटणारी माणसं अजून त्यांना ऑपरेटरबाईच म्हणतात. एका मोठ्या कारखान्याचा टेलिफोन बोर्ड त्यांनी सांभाळला. कानाला हेडफोन, समोर कॉर्डचं जंजाळ, आणि सगळ्या कारखान्याचं बोलणं त्यांच्या हातून जायचं. नव्या मुलींना त्या एकच गोष्ट घोकून घ्यायला लावत: होल्डवर ठेवलेल्या माणसाला विसरायचं नाही. काम झालं की सांगून मोकळं करायचं, ताटकळत ठेवायचं नाही. आणि लाइन तोडण्याआधी हळूच विचारायचं, "झालं का बोलणं?" पलीकडून काही आलं नाही, मगच कॉर्ड काढायची. यात त्यांनी साहेबांचीही कधी गय केली नाही.

अशा बाईंनी माणसं होल्डवर ठेवली, आणि चांगली दिवसेंदिवस ठेवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आई गेल्यापासून घरात आवाज उरला तो भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाचा. भिंतींना रंग देताना ते उतरवलं, रंगाऱ्याने परत टांगलं, आणि तेव्हापासून ते रुसलं. किल्ली दिली की जरा वेळ टकटक करायचं आणि गप्प व्हायचं. मग घर इतकं गप्प व्हायचं की बाई उगाचच नळ सोडून ठेवायच्या. दुरुस्ती करणारं जवळपास कोणी उरलं नव्हतं. भाची फोनवर म्हणाली, "मावशी, इंटरनेटवर विचार ना. घड्याळवाल्यांचे कट्टे असतात. लोक उत्तरं द्यायला टपलेलेच असतात."

बाईंनी फोनवरून एक सोडून तीन कट्ट्यांवर तोच प्रश्न टाकला. एक घड्याळप्रेमींचा, एक जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचा, एक घरगुती दुरुस्तीचा. तिन्हीकडे वरच नियम लिहिला होता: एकच प्रश्न अनेक ठिकाणी विचारू नये, विचारलाच तर तसं सांगावं, आणि उत्तर मिळताच सगळीकडे कळवावं, कारण लोक आपला वेळ खर्च करतात. बाईंनी नियम वाचला, "अगदी बरोबर," म्हणाल्या, आणि सोयीस्करपणे विसरल्या.

घड्याळप्रेमींकडून त्याच दिवशी उत्तर आलं. "घड्याळ वाकडं टांगलंय. नीट कान देऊन ऐका, टकटक लंगडी असेल. खालची बाजू थोडी थोडी सरकवा, ठोका सारखा होईपर्यंत." ऐकण्याच्या बाबतीत बाईंना कोण शिकवणार? खुर्चीवर चढल्या, घड्याळ सरकवलं, आणि ते चालायला लागलं. सुंठेवाचून खोकला गेला. बाईंनी आभार मानले, कट्ट्याची देखरेख करणाऱ्याने त्या प्रश्नाला कुलूप घातलं, म्हणजे खाली आणखी कोणाला लिहिता येईना, आणि तिथली माणसं दुसऱ्या कोणाच्या घड्याळाकडे वळली. इतक्यात संपेल असं बाईंना वाटलं नव्हतं.

उरलेल्या दोन कट्ट्यांवर कोणीतरी विचारलं होतं, "तेल कधी घातलं होतं?" माझं काम झालं, एवढं लिहिलं की विषय मिटत होता. बाईंनी लिहिलं, "आठवत नाही हो. आई असताना घातलं असेल." मग कोणी आईबद्दल विचारलं, कोणी घराला ओल आहे का विचारलं. सकाळचा चहा आता या मंडळींबरोबर होऊ लागला. "अजून थांबतंय?" असं कोणी विचारलं की बाई चालत्या घड्याळाकडे पाठ करून लिहायच्या, "थांबतंय ना!"

जुन्या वस्तूंच्या कट्ट्यावर 'लंबक' नावाने लिहिणारे एक गृहस्थ होते. ते घड्याळाच्या आधी बाईंची चौकशी करायचे. एकदा त्यांनी लिहिलं, "माझ्याकडे याच बनावटीचं घड्याळ आहे. रविवारी उघडतो आणि आतले फोटो पाठवतो, म्हणजे तुम्हाला कळेल." "कशाला त्रास घेता?" एवढंच बाईंनी लिहिलं. खरं काही लिहिलं नाही.

सोमवारी फोटो आला तो पट्टी बांधलेल्या बोटांचा. खाली लिहिलं होतं, "मुख्य स्प्रिंग हातातून सुटली. बोटं शाबूत आहेत, स्प्रिंग मात्र तुटली. वाईट वाटून घेऊ नका. आमच्याही घरात आवाज त्या घड्याळाचा तेवढाच होता, म्हणून तुमची तगमग कळली."

बाईंना स्वतःची लाज वाटली. त्यांनी दोन्हीकडे लिहिलं, "माझं घड्याळ पहिल्याच दिवशी सुरू झालं होतं. दुसरीकडे उत्तर मिळालं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही सगळे उठून गेला असता, म्हणून सांगितलं नाही. चूक माझी."

"आमचा वेळ काय वाटेवर पडलाय?" एकाने विचारलं, आणि ते बरोबरच होतं. दोन्ही प्रश्नांना कुलूप लागलं.

काही दिवसांनी लंबकांनीच एक प्रश्न टाकला, एकाच कट्ट्यावर: या बनावटीची स्प्रिंग कुठे मिळेल? कोणालाच ठाऊक नव्हतं. बाईंना स्प्रिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण फोन लावणं कळत होतं. एका दुकानाने नाही म्हटलं की त्या म्हणायच्या, "मग कोणाकडे असेल, तो नंबर द्या." असं करत करत एका वारलेल्या कारागिराच्या सुनेपर्यंत त्या पोचल्या. तिच्याकडे सासऱ्यांचा डबा होता, डब्यात स्प्रिंग होती.

नंबर हातात घेऊन बाई बसून राहिल्या. लंबक रोज येऊन विचारत होते, "कोणाला कळलं का?" उत्तर दिलं नाही तर उद्याही येतील. दिलं, की झालं. चहा निवून गेला. मग बाईंनी नंबर लिहिला आणि खाली लिहिलं, "तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवायला सांगितली आहे."

पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. "स्प्रिंग मिळाली, बसवली, घड्याळ चालू आहे. आभार. उत्तर मिळाल्यामुळे प्रश्न बंद करत आहे."

नियमाला धरून होतं सगळं. बाईंनी ते पुन्हा वाचलं, खाली आणखी काही आहे का ते पाहिलं. मागे घड्याळ सारख्या ठोक्यात चाललं होतं.

"झालं का बोलणं?" त्यांनी विचारलं. जरा वेळ थांबल्या. पलीकडून काही आलं नाही, तेव्हा त्यांनी फोन खाली ठेवला.