फक्त बाबांसमोरच बंद पडणारा कॉम्प्युटर

गेल्या रविवारी सकाळी हडपसरला बाबांच्या घरी मी तासभर नुसती बसून होते... त्यांच्या खुर्चीच्या मागे, हातात चहाचा कप घेऊन. त्यांचा कॉम्प्युटर का बंद पडतो, एवढंच शोधायचं होतं.

बाबा एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. रिटायर झाल्यावर त्यांनी एक काम काढलं, भंडाऱ्याकडच्या आपल्या गावच्या बोलीतले शब्द टाइप करून ठेवायचे. सपरी म्हणजे ओसरी, सांदवाडी म्हणजे परसदार... सकाळी बुद्धवंदना झाली की टेबलाशी बसतात, ते थेट आईने जेवायला हाक मारेपर्यंत.

दिवाळीनंतर हा डेस्कटॉप मधेच रीस्टार्ट व्हायला लागला. एरर नाही, काही नाही... स्क्रीन काळी, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला हे कळलं दोन महिन्यांनी, तेही आईकडून. बाबा एका शब्दाने बोलले नव्हते.

मी आयटीत आहे, ऑफिसात सर्व्हर सांभाळते. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. धूळ काढली, रॅम पुसून बसवली, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, शेवटी पॉवर सप्लायसुद्धा नवा टाकला. विंडोजच्या लॉगमध्ये दर वेळी एकच नोंद, मशीन अचानक बंद झालं म्हणून. ते तर आम्हालाही दिसत होतं...

मग कॅबिनेट मांडीवर घेऊन रिक्षाने वाघोलीला, माझ्या घरी आणलं. पंधरा दिवस सतत चालू ठेवलं, एकदाही बंद पडलं नाही. हडपसरला परत नेलं, आणि दुसऱ्याच दिवशी बाबा बसले असताना पुन्हा तेच.

आता मला खरंच चैन पडेना. वायरिंगवर संशय होता म्हणून इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने सॉकेट, अर्थिंग सगळं तपासलं, कुठेच दोष नाही. मग एक अख्खी दुपार मी स्वतः बाबांच्या खुर्चीत बसून काम केलं. ठणठणीत! तुझ्यापुढे बरा वागतो, असं म्हणून आई आत निघून गेली.

त्या संध्याकाळी बाबा मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. चालता चालता म्हणाले, "राहू दे आता बेटा. दोष मशीनचा नसेल."

मग कशाचा, मी विचारलं. त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. त्यावर प्रत्येक रीस्टार्टची नोंद होती, तारीख आणि वेळेसकट. शेवटच्या रकान्यात शेरा... आणि बहुतेक ठिकाणी शेरा एकच. 'शब्द आठवत नव्हता.'

बसमध्ये मी तो कागद कितीदा वाचला असेन! शब्द आठवला नाही की कॉम्प्युटर बंद? त्याला काय कळणार, कोणाला काय आठवतंय आणि काय नाही ते... पण नोंद बाबांची होती. कारखान्यात आयुष्यभर नोंदी ठेवलेला माणूस उगाच काही लिहिणार नाही.

म्हणून रविवारी मी मशीनला हातच लावला नाही. बाबांना म्हटलं, तुम्ही रोजच्यासारखं काम करा, मी फक्त बघते.

पाऊण तास काहीच झालं नाही. 'बोडी' टाइप झालं, म्हणजे लहान तळं. पुढच्या शब्दाला बोटं थांबली. बाबांनी छताकडे पाहिलं, पुटपुटले, मग टेबलाचा डावीकडचा ड्रॉवर उघडून जुनी वही काढली. पानं चाळली, वही परत ठेवली आणि ड्रॉवर गुडघ्याने आत लोटला...

स्क्रीन काळी.

मी तशीच टेबलाखाली शिरले. दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी कॅबिनेट सरकवून ड्रॉवरला अगदी चिकटवून ठेवलं होतं, आणि मीही दर वेळी ते परत तिथेच ठेवत आले होते. त्यावरचं रीसेट बटण झिजून आत रुतलेलं, जरा हादरा बसला की दाबलं जायचं. मी त्या टेबलाशी दुपारभर बसले, पण ड्रॉवर उघडायची मला गरजच पडली नव्हती. आणि बाबा तो उघडायचे ते शब्द अडला की!

मी बटणाची वायर काढायला निघाले तर बाबांनी थांबवलं. आधी खात्री करू, म्हणाले. त्यांनी पाच वेळा ड्रॉवर लोटला, तीनदा रीस्टार्ट झालं. कॅबिनेट हातभर लांब ठेवून दहा वेळा लोटला, एकदाही नाही. दोन्ही आकडे कागदावर लिहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे मी नाही."

मला आधी हसू आलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं...

मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, शेवटी शेवटी घरातल्या कोणालाच ओळखत नव्हते. बाबांना वाटत होतं, आपलंही तेच सुरू झालंय. शब्द विसरतो, गोंधळात भलतंच काहीतरी दाबतो, आणि दाबलेलंही आठवत नाही. ही भीती घेऊन ते इतके दिवस रोज सकाळी त्या खुर्चीत बसत होते.

शब्द तर मीही विसरते, मी म्हटलं.

"तू विसरलीस तरी चालेल," बाबा म्हणाले, "मला लिहायचेत." आणि लगेच टाइप करायला लागलेसुद्धा.

जेवताना त्यांनी आईला सगळं स्वतःहून सांगितलं, मोठेबाबांचंही. आईने त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि बराच वेळ हात त्यांच्या खांद्यावर ठेवून उभी राहिली.

मी त्या डब्याचा एकेक स्क्रू उघडून पाहिला होता... पण बाबांना 'तुम्हाला काय वाटतंय?' हे एकदाही विचारलं नव्हतं. न विचारताही त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला, याचं मला फार बरं वाटतंय.